उभ्या गाडीचा अपघात

रामकिशन गजभारे सरांच्या गाडीला अपघात झाला तेव्हा गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, हँडब्रेक ओढलेला होता आणि सर स्वतः रस्त्याच्या कडेला उभे राहून आपल्या आईला जिल्ह्याची हद्द दाखवत होते. हे चार मुद्दे त्यांनी पुढच्या तीन महिन्यांत इतक्या माणसांना इतक्या वेळा सांगितले की लोह्याच्या हायस्कूलात त्यांच्या भूगोलाच्या तासाला नर्मदेचा उगम विचारला तरी मागच्या बाकावरून 'गाडी उभी होती सर' असं उत्तर यायला लागलं.

गाडी फियाट होती, सायीच्या रंगाची, लातूरच्या एका डॉक्टरांनी सात वर्षं वापरलेली. सरांकडं येऊन तिला चारच महिने झाले होते. सलग दुसरा कोरडा उन्हाळा. विहिरी आटलेल्या, गावोगाव टँकर. अशा दिवसांत गाडी धुणं म्हणजे लोकांच्या शिव्या खाणं, म्हणून सर ती कोरड्या फडक्यानं पुसत. रोज पुसत. गल्लीत गाडी घेणारे ते पहिलेच, तेव्हा पुसताना चार माणसं बघतील याची वेळ साधली तर त्यात काही गैर नव्हतं.

त्या रविवारी ते आई चांगुणाबाई आणि बायको सिंधु यांना घेऊन लातूरला एका बारशाला निघाले होते. माळाकोळीच्या पुढं गेल्यावर रस्त्याच्या कडेला 'लातूर जिल्हा आपले स्वागत करीत आहे' असा बोर्ड लागतो. लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झालेली. भूगोलाच्या मास्तरला आपल्या हयातीत नवा जिल्हा बघायला मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. या बोर्डाजवळ सर दर खेपेला थांबायचे. शाळेची सहलसुद्धा त्यांनी इथं आणून उभी केली होती.

"माय, हे बघ," सर म्हणाले. "गाडीची मागची चाकं नांदेड जिल्ह्यात, पुढची लातूरमधी."

चांगुणाबाईंनी वाकून बघितलं. "रेघ कुठं हाय?"

"रेघ नकाशावर असती. जमिनीवर नसती."

"मग तुला कसं कळून राहिलं?"

सर बोर्डाकडं बोट करून उत्तर देणार, तेवढ्यात पुढं उभा असलेला पाण्याचा टँकर मागं यायला लागला. कडेच्या वस्तीच्या विहिरीत पाणी सोडायला त्याला कच्च्या वाटेत वळायचं होतं. दहा-बारा बाया घागरी घेऊन 'यिऊ द्या, यिऊ द्या' म्हणत होत्या. त्यांचं लक्ष विहिरीकडं होतं आणि ड्रायव्हरचं त्यांच्याकडं. फियाटकडं लक्ष फक्त सिंधुचं होतं. ती "अवो" म्हणाली आणि टँकर लागला.

आवाज फार मोठा झाला नाही. जड ट्रंक ओसरीवर टाकल्यासारखा झाला. पण बोनेट मधोमध उंच होऊन त्याचा डोंगर झाला, एक दिवा काच न फुटता नुसताच बाहेर येऊन लोंबायला लागला आणि रेडिएटरमधून पाण्याची बारीक धार लागली. सरांचं बोट अजून बोर्डाकडंच होतं. ते खाली घ्यायचं असतं हे त्यांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.

सरांना वाटलं, आता माणसं गोळा होतील, हळहळतील. बाया गोळा झाल्याही. त्यातल्या एका वयस्क बाईनं, तिला बाकीच्या सरजाबाई म्हणत होत्या, खाली बसून रेडिएटरच्या धारेखाली कळशी लावली.

"ते पाणी पिण्याचं न्हाई," सर कसेबसे म्हणाले.

"म्हशीला चालंल," सरजाबाई म्हणाल्या.

ड्रायव्हर खाली उतरला. गुरुबसप्पा त्याचं नाव, देगलूरकडचा. त्यानं गाडीकडं बघितलं, सरांकडं बघितलं.

"ही कुठनं आली?"

"आली नाही. उभी होती."

"तेच म्हनतो," गुरुबसप्पा म्हणाला. "पळती गाडी आरशात दिसती सर. उभी कशी दिसंल?"

सर हँडब्रेक ओढलेला आहे का ते पुन्हा बघून आले.

पाणी विहिरीत सोडून झाल्यावर गुरुबसप्पानंच फियाट दोरखंडानं टँकरला बांधली आणि लोह्यापर्यंत ओढत आणली. चांगुणाबाई टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी उंचावर बसल्या. तेवढ्यापुरता त्यांना तो प्रवास आवडला. सर मागं फियाटचं स्टिअरिंग धरून बसले. गावात टँकर शिरलेला बघून घराघरातून माणसं घागरी, हंडे, तेलाचे डबे घेऊन धावली आणि टँकरमागं पाण्याऐवजी गजभारे सर आलेले बघून रिकामी परत गेली. काही जण उघड नाराज झाले. आपलं दुःख बघून लोक पाण्यासाठी नाराज होतात, हे सरांच्या जिवाला फार लागलं.

संध्याकाळी शेजारचे शेषेराव आले. शेषेरावांची शेती होती आणि गल्लीत विम्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता, कारण दोन वर्षांमागं त्यांची विमा उतरवलेली म्हैस मेली होती आणि तिचे पैसे त्यांनी खरोखर मिळवले होते.

"घाबरायचं न्हाई," शेषेराव म्हणाले. "पैली गोष्ट, बिल्ला सांभाळा."

"कसला बिल्ला?"

"म्हशीच्या कानातला बिल्ला दिल्याबिगर पैसा देत न्हाईत. तुमच्या गाडीचा बिल्ला म्हंजे नंबरची पाटी. काढून घरात ठिवा. पेटीत."

"गाडी मेली नाही शेषेराव."

शेषेरावांनी लोंबणारा दिवा हातानं हलवून बघितला. "मेली असती तर सोपं होतं," ते म्हणाले. "जखमी म्हशीचं लई अवघड जातंय."

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकून सर एसटीनं लातूरला विमा कंपनीच्या शाखेत गेले. शाखेतले साहेब शांत, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सरांना खुर्ची दिली आणि फॉर्म भरायला घेतला.

"अपघाताच्या वेळी वाहनाचा वेग?"

"शून्य."

"शून्य लिहिता येत नाही. वेग पाहिजे."

"गाडी उभी होती."

"मग अपघात कसा होईल?" साहेबांनी हे भांडायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. शेवटी त्यांनी 'दहा' लिहिलं. सरांनी ते खोडायला लावलं. मग साहेबांनी तिथं एक आडवी रेघ मारली आणि पुढं गेले.

पुढं तर जास्तच अवघड होतं. गाडीच्या पुस्तकात पहिली नोंद होती 'लातूर, जिल्हा उस्मानाबाद'. पॉलिसीवर होतं 'लातूर, जिल्हा लातूर'. मालकाचा पत्ता 'लोहा, जिल्हा नांदेड'. साहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले.

"यात गाड्या किती?"

"एक."

"जिल्हे तीन दिसतात."

सरांनी नव्या जिल्ह्याची सगळी हकीकत सांगितली. साहेब स्वतः त्याच जिल्ह्यात राहत होते आणि त्यांना ती पूर्ण माहीत होती. पण माहिती असणं वेगळं आणि फाईलला लावायचा कागद असणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं पडलं. सरांनी पुढच्या खेपेला प्राथमिक शाळेची दोन पुस्तकं नेली, जुना उस्मानाबाद जिल्ह्याचा भूगोल आणि नवा लातूर जिल्ह्याचा. साहेबांनी ती चाळली, दोन्हीवर शिक्का मारला आणि फाईलला जोडली. भूगोलाचा असा रोखठोक उपयोग झालेला सरांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

"आता दोनच गोष्टी राहिल्या," साहेब म्हणाले. "गॅरेजचं एस्टिमेट आणि पोलिसांचा गुन्हा नोंदवल्याचा कागद. समोरचं वाहन सरकारी कामावरचं आहे. त्याशिवाय पुढं जाता येत नाही."

अलीकडच्या ठाण्यातले हवालदार म्हणाले, बोनेट हद्दीच्या पलीकडं होतं, पलीकडं जा. पलीकडचे म्हणाले, गाडीचा मालक, मालकाची आई आणि मागची चाकं अलीकडं होती, तिकडं जा. सरांनी चार चकरा मारल्या. शेवटी त्यांच्यातला मास्तर जागा झाला आणि त्यांनी दोन्हीकडच्या हवालदारांना एका सकाळी टेप घेऊन बोर्डाजवळ बोलावलं. शिवाय तलाठ्यालाही नकाशासकट आणलं.

तलाठ्यानं नकाशा बोनेटवर पसरायला जागा शोधली, गाडी नाही म्हटल्यावर मातीवर पसरला, आणि बोर्डाकडं बघून म्हणाला, "ह्यो बोर्ड चुकीचा हाय."

"म्हणजे?"

"हद्द तिकडं पुढं, लातूरच्या अंगाला, नाल्यात हाय. बोर्ड लावायला माणसं आली, त्यांना तिथं खडक लागला. हितं माती मऊ लागली, हितं रोवला."

सर रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. गाडीला टँकर लागला तेव्हा बसला नव्हता इतका धक्का त्यांना आता बसला. चार वर्षं. दोन सहली. सव्वाशे पोरांना आपण या मऊ मातीवर उभं करून दोन जिल्हे दाखवले. पलीकडचे हवालदार मात्र ताबडतोब सायकलवर बसून निघून गेले. सगळा अपघात नांदेड जिल्ह्यातच झाला होता.

अलीकडच्या ठाण्यात हवालदारांनी कार्बन घालून कागद समोर ओढला. "सांगा सर. गुन्हा दाखल करतो. टँकर आज दुपारीच जमा करून घेतो."

"जमा म्हणजे?"

"मुद्देमाल. हितं अंगणात उभा ऱ्हाईल. तपासणारा सायब येणार, बघणार, मग कोर्टातनं सुटणार. पंधरा दिस धरा. महिना बी लागतो."

सरांनी दारातून बाहेर बघितलं. गुरुबसप्पा लिंबाखाली उकिडवा बसला होता. त्याच्या पलीकडं वस्तीवरच्या पाच बाया होत्या. सरजाबाई पुढं होत्या. उन्हातून चालत आल्या होत्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं.

"दुसरा टँकर मिळंल का त्यांना?" सरांनी विचारलं.

हवालदारांनी पेनाचं टोपण काढलं. "सर, माझ्या सोताच्या गावाला न्हाई मिळाला."

सरजाबाई पायरीपाशी आल्या. त्या रडल्या नाहीत, पायाही पडल्या नाहीत. त्यांनी फक्त हवालदारांना विचारलं, "किती दिस म्हनलात?"

"पंधरा."

"मग आमी बी हितंच येऊन राहतो. टँकर हाय तिथं." त्या मागं वळून बाकीच्या बायांना म्हणाल्या, "म्हशी बी आणाव्या लागतील."

हवालदारांनी ठाण्याच्या अंगणाकडं बघितलं. अंगण लहान होतं. त्यांनी टोपण परत लावलं. "सर, दुसरा एक मार्ग हाय. बाभळीला धडकलात म्हणा."

"कुठल्या बाभळीला?"

"आमच्या बांधाला हाय की," सरजाबाई म्हणाल्या. "मोठी हाय. आमची कायबी तक्रार न्हाई."

"बाभूळ लई सोपी," हवालदार म्हणाले. "बाभळीला जमा करावं लागत न्हाई. लगेच कागद देतो, कंपनी पैसे देती, सगळ्यांचं भागतं."

सगळे सरांकडं बघायला लागले. गुरुबसप्पाही उठून उभा राहिला. टँकर अडकवला तर वस्ती तहानेनं मरणार. बाभूळ म्हटलं तर खोटं. आणि खरं सांगून टँकर सोडला तर गाडी तशीच दारात उभी राहणार, डोंगर झालेल्या बोनेटची, सगळ्या गल्लीसमोर. सिंधुच्या सोन्याच्या दोन बांगड्या त्या गाडीत गेल्या होत्या. तिनं त्या स्वतः काढून दिल्या होत्या आणि त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नव्हता. सरांना आत्ता नेमकं तेच आठवत होतं.

त्यांनी कागद आपल्याकडं ओढला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'माझ्या उभ्या गाडीस टँकर लागला. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली सही केली.

"हे कंपनीत चालायचं न्हाई," हवालदार म्हणाले.

"माहीत आहे."

हवालदारांनी शिक्का मारून एक प्रत दिली. बाहेर सरजाबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि सरांच्या पुढं धरली. सरांनी दोन घोट घेऊन बाटली परत दिली. कुणी आभारबिभार मानले नाहीत. गुरुबसप्पा तेवढा म्हणाला, "चला, सोडतो लोह्यापोतर," आणि सर टँकरमध्ये बसून घरी आले.

गाडी नांदेडला मलप्पा मिस्त्रीच्या गॅरेजात पोचवली होती. पत्र्याचं काम त्याच्यासारखं कुणी करत नाही असं सगळे सांगत. फाईल अर्धी सोडायची नाही म्हणून सर एस्टिमेट घ्यायला गेले तेव्हा मलप्पा पान लावत होता. त्यानं गाडीकडं बघितलंही नाही.

"इम्याचं का घरचं?"

"म्हणजे?"

"इम्याचं आसंल तर येक भाव. घरचं आसंल तर दुसरा."

"काम तर एकच आहे ना?"

"काम येकच. पैसे देणार कोण, त्यावर भाव." मलप्पानं पान तोंडात टाकलं. "घरचं बाराशे. इम्याचं चार हजार."

सर घाबरून शेजारच्या टायरवर बसले. मलप्पानं त्यांच्यासाठी पाणी मागवलं आणि प्रेमानं समजावलं. "सर, इमेवाले निम्मं कापतेत. म्हणून मी आगोदरच वाढवून लिवतो. हे बगा, बोनेट, दिवा, जाळी, रेडिएटर. आन् डाव्या अंगाचं मागचं दार."

"मागच्या दाराला काय झालंय?"

"कायबी न्हाई."

"मग?"

"त्यांना कापायला कायतरी पायजे का न्हाई? दार कापतील, बाकीचं ऱ्हाईल. सायबाला बी वाटलं पायजे, आपण काम केलं."

सरांनी दार खोडायला लावलं. मलप्पाचा चेहरा उतरला. आपल्या हुन्नराचा कुणी अपमान करावा तसं त्याला झालं. पण खोडलं. मात्र एस्टिमेटची दारासकटची कार्बन प्रत त्याच्या माणसानं तेवढ्यात कंपनीच्या नावानं टपालात टाकली होती, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी कंपनीचा सर्व्हेअर येऊन गेला. सर त्या दिवशी दहावीचे पेपर तपासत होते. आणखी महिन्यानं रजिस्टर पत्र आलं. सरांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग सिंधुला वाचायला दिलं.

पत्रात लिहिलं होतं की पुढील भागाचे नुकसान अन्य वाहनामुळे झाले असून पोलिसांत गुन्हा नोंदलेला नाही, सबब ते नामंजूर. मागील डाव्या दाराच्या नुकसानीबाबत अन्य वाहनाचा उल्लेख नाही, सबब ते मंजूर. सोबत दाराचा चेक जोडला आहे. पावती सही करून पाठवावी.

"दाराला काय झालंय?" सिंधुनं विचारलं.

"काही नाही."

"मग पैसे कशाचे?"

"दाराचे."

चांगुणाबाई बाजेवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रामकिशन, जे मोडलं त्याचं देत न्हाईत, आन् चांगल्याचं देतेत. हे कुण्या जातीचं हापिस हाय?"

शेषेरावांना कळायला वेळ लागला नाही. "घ्या," ते म्हणाले. "इम्याचं आसंच आसतंय. माझी म्हैस उजवं शिंग मोडलेली होती, कागदावर डावं मोडलेली मेली. मी बोललो का?"

सरांनी रात्रभर नव्हे, फक्त जेवण होईपर्यंत विचार केला. मग सिंधुकडं बघितलं. ती ताट उचलत म्हणाली, "माझ्याकडं काय बघून राहिलात. तुमाला ते पचायचं न्हाई. देऊन या."

चेक घेऊन सर पुन्हा लातूरला गेले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. पावतीवर सही करायला पेनही पुढं केला.

"मी चेक परत द्यायला आलोय. दार चांगलं आहे."

साहेबांचा पेन हातातच राहिला. तीन महिन्यांत इतरांमुळं सर सारखे चकित होत आले होते. आज पहिल्यांदा दुसरं कुणी चकित झालेलं ते बघत होते. साहेबांनी शिपायाला दार लावायला सांगितलं.

"गजभारे सर, पैसे परत घ्यायचा फॉर्म आमच्याकडं नाही. मी नोकरीला लागल्यापासून असा माणूस आला नाही. काय कारण लिहायचं?"

"दार चांगलं आहे, असं लिहा."

"तसं लिहिलं तर दार बिघडलेलं बघितलं कुणी, असं वरून विचारतील." साहेबांनी कपाळ पुसलं. मग त्यांनी चेकवर 'विमाधारकाने स्वेच्छेने नाकारला' असं लिहिलं आणि सरांना दारापर्यंत पोचवायला आले. तिथं हळूच म्हणाले, "पुढचं मंजूर करता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं." सरांनी मान हलवली.

आता घरचं बाराशेचं काम होतं. सरांनी मलप्पाला काम धरायचा निरोप दिला, पगारातून आठशे आणि पतसंस्थेतून चारशे असे उभे केले आणि आठवड्यानं त्याच्याकडं गेले. गाडी तयार होती. बोनेट सपाट, दिवा जागेवर, रंग असा मिळवलेला की जुना कुठं संपतो ते हात फिरवूनही कळेना. मलप्पानं विचारलं, दाराचं काय झालं? सरांनी सांगितलं, परत दिलं.

मलप्पा पान लावता लावता थांबला. त्यानं सरांना दुसऱ्यांदा विचारलं. मग तिसऱ्यांदा. मग उठून गाडीला एक चक्कर मारून आला. दुपारचा डबा समोर उघडा होता, तो त्यानं तसाच झाकून ठेवला.

"आलेला चेक?"

"आलेला चेक."

मलप्पानं वहीतून कागद फाडला, बिल लिहिलं आणि सरांच्या हातात दिलं. सरांनी ते पेपर तपासतात तसं वरून खाली वाचलं. साडेचारशे रुपये.

"मलप्पा, बेरीज चुकली."

"न्हाई चुकली. सामानाचं तेवढंच हाय."

"मजुरी?"

"लिवली न्हाई." मलप्पा सरांकडं न बघता पत्र्याची कात्री पुसायला लागला. सर काही बोलणार, तेवढ्यात त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं, बाहेर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांकडं बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "सर, गाडी घेऊन जावा. पण हे बाहेर कुठं बोलू नका. बाजारात आमचं लई नाव खराब होतंय."